दांडिया बाजारातले दोन रुमाल: जुने नकाशे, पेटंटे आणि फेरिस्त (प्रकल्प नोंदी, बडोदे)

१० जून २०२४

साहित्य ताब्यात आले. दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. पहिल्यात मराठी-गुजराती छापील पुस्तिका, विणकाम आणि रंगकामाची हस्तलिखित टिपणे, काही मोडी पत्रे. दुसऱ्यात अकरा निळे नकाशे (ब्लूप्रिंट), बहुतेक हातमागाच्या सुट्या भागांचे. धोटा, फणी, ताण्याचा तुरा अशी नावे दिसतात. कलाभवन ही बडोद्याची तंत्रशिक्षणाची संस्था १८९० मध्ये सुरू झाली आणि विणकाम-रंगकाम हे तिथल्या मुख्य विषयांपैकी, तेव्हा बडोद्याच्या घरात असे कागद निघावेत यात नवल नाही. पण कागदावर तसे लिहिलेले सापडेपर्यंत 'कलाभवन' हा शब्द नोंदीत घालायचा नाही, असे ठरले.

काम दोन बाजूंनी चालेल. एक, हे कागद स्कॅन करून त्यांत शोध घेता येईल असे करणे. दोन, त्यांत उल्लेख आलेली यंत्रे सार्वजनिक डिजिटल संग्रहांत आणि पेटंटांच्या साठ्यांत कुठे आहेत ते पाहणे. कालखंड १८५६ ते १९४७.

रुमाल उघडताना प्रत्येक थराचा वरून फोटो घेतला. आतला क्रम बदलायचा नाही. कुठले पत्र कुठल्या नकाशाला चिकटून होते, ही माहिती कागदावर लिहिलेली नसते आणि एकदा विसकटली की परत मिळत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढल्या नाहीत. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवून टाचणी पट्टीवरून उचलली. क्रमांक मऊ पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात.

नकाशा ७ कडे लक्ष ठेवायचे. समासात शाईने 'पेटंट' असा शब्द, पुढे उभी घडी, घडीपलीकडे ४१८. खाली 'आषाढ शु. ५ सं. १९६२'. घडीत सुमारे एक सेंटिमीटर मजकूर दबलेला आहे. एक-दोन आकडे असावेत असा अंदाज.

१४ जून

स्कॅनिंगची मापे ठरवली. ए-४ पान, २४ बिट रंगीत, न दाबलेली टिफ फाइल: ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) सुमारे २६ एमबी, ४०० ला ४६, ६०० ला १०४. छापील मजकुराला ३०० पुरते, पण जुन्या पुस्तिकांतल्या तळटिपांचा ठसा बारीक आहे, म्हणून सरसकट ४००. मोडीलाही ४००. ६०० फक्त पेन्सिलीच्या पुसट टिपणांना. सगळेच ६०० ने करावे अशी सूचना होती. त्याने डिस्क भरते, अक्षर सुधारत नाही.

नकाशे स्कॅनरच्या काचेवर मावत नाहीत. २४ इंच रुंदीच्या नकाशाला ३०० पीपीआय हवे तर आडवे ७२०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेल कॅमेरा ६००० देतो, म्हणजे २५० पीपीआय. म्हणून प्रत्येक नकाशा दोन फोटोंत, एकतृतीयांश भाग दोन्हींत येईल असा. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर. जोडकाम करणारे सॉफ्टवेअर कोऱ्या निळ्या पृष्ठभागावर अडकते, कारण जुळवायला खुणा सापडत नाहीत. नकाशाच्या कडेबाहेर, टेबलावर, आकडे लिहिलेल्या कागदाच्या चिंध्या ठेवल्या. मग जोड नीट बसला. चिंध्या नंतर कापून टाकता येतात.

प्रत्येक हप्त्याच्या पहिल्या फोटोत मोजपट्टी आणि रंगपट्टी. ही पट्टी वगळण्याचा मोह होतो. वगळली की महिन्याभराने नकाशाचे प्रमाण सांगता येत नाही.

१९ जून

निळ्या नकाशांबद्दल. हा निळा रंग म्हणजे प्रशियन ब्लू, लोहाचे संयुग. अल्कलीने तो उडतो. आम्लविरहित म्हणून बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच फोल्डरांत कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले असते. पुस्तकाला ते चांगले, या नकाशांना घातक. म्हणून उदासीन, कार्बोनेट न मिसळलेला कागदच वापरायचा. उजेडानेही रंग फिका पडतो, अंधारात ठेवल्यावर काही प्रमाणात परत येतो. म्हणून फोटो काढण्यापूर्वी नकाशे दोन दिवस बंद पेटीत ठेवले.

वाचनासाठी रंगीत चित्रातला फक्त लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा थर, घ्यायचा. त्यात निळी जमीन जवळजवळ काळी होते आणि पांढऱ्या रेघा उठून दिसतात. मग चित्र उलटे करायचे: पांढऱ्यावर काळ्या रेघा. कागदपत्रांवरच्या लाल शिक्क्यांनाही हीच युक्ती, लाल चॅनलमध्ये शिक्का विरतो आणि खालचे अक्षर वर येते. फिकट झालेल्या तपकिरी शाईला मात्र निळा चॅनल बरा. पण ओलीचे पिवळे डाग त्यात आणखी गडद होतात, तेव्हा पान पाहून निवडावे. मूळ रंगीत फाइल कधीही बदलायची नाही. या सगळ्या वाचनापुरत्या प्रती.

नकाशा ७ ची घडी उघडली नाही. कागद घडीवर धाग्याधाग्याने सुटतो आहे. कागद-संवर्धनाचे काम करणाऱ्यांकडे पाठवायचा.

२७ जून

अक्षरओळख (ओसीआर), म्हणजे चित्रातला मजकूर संगणकाकडून वाचून घेणे. सॉफ्टवेअर टेसरॅक्ट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा चालू. एका स्तंभाच्या पुस्तिकांना पानमांडणीचा प्रकार ४, सलग परिच्छेदाच्या पानांना ६, नकाशांवरच्या विखुरलेल्या शब्दांना ११. आपोआप ओळखीवर सोडले की शीर्षकपान हमखास बिघडते. गुजराती पाने वेगळी काढली. एकाच पुस्तिकेत मुखपृष्ठ बाळबोध (देवनागरी) आणि आत गुजराती, असे बडोद्यात सर्रास, म्हणून भाषा फाइलीला नव्हे, पानाला जोडायची.

बिघाड कुठे होतो:

शिरोरेघ तुटलेली असेल तर 'म' चा 'भ' आणि 'घ' चा 'ध'. झिजलेल्या ठशांचे हे नेहमीचे दुखणे.

जुन्या वळणाचे ५, ८, ९ आणि जुना 'अ', 'झ'. आकडा चुकला तर कुणाच्या लक्षात येत नाही, शब्द चुकला तर येतो. म्हणून वर्षे आणि नंबर डोळ्यांनी तपासायचे, बाकी मजकूर नंतर.

सगळ्यांत मोठी अडचण यंत्राची नाही, शुद्धलेखनाची आहे. 'यंत्रें', 'नाहीं', 'कांहीं', 'सुतांत', 'बडोद्यांत'. १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा वाचक 'सुतात' शोधणार आणि पानावर 'सुतांत' आहे. अक्षरओळख अगदी बिनचूक असली तरी शोध रिकामा येतो. उपाय: शोधासाठी दुसरी प्रत तयार करायची, तिच्यात शब्दाच्या शेवटचा आणि शेवटच्या 'त' आधीचा अनुस्वार काढून टाकलेला. वाचकाला दिसते ती मूळ प्रत, शोध चालतो दुसरीवर. बाकीचे मधले अनुस्वार काढायचे नाहीत, 'यंत्र' चे 'यत्र' होते. 'कांहीं'सारखे मोजके शब्द यादीने हाताळले. 'त' आधीचा अनुस्वार काढल्याने अनेकवचनी 'यंत्रांत' आणि 'यंत्रात' यांतला फरकही जातो, पण शोधाला तो तोटा परवडतो.

५ जुलै

'दुसऱ्या' हा शब्द शोधात येईना. पानावर आहे, मजकुरात आहे, शोधात नाही. कारण युनिकोड, म्हणजे संगणकातली अक्षरांची क्रमांकपद्धत. हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ (क्रमांक ०९३१) अधिक हलंत अधिक य, किंवा साधा र अधिक हलंत अधिक अदृश्य जोडचिन्ह अधिक य. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. नुक्ता वेगळा टाइप केला असेल तर प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या पद्धतीने (एनएफसी) तो ०९३१ मध्ये मिसळतो. अदृश्य जोडचिन्ह मात्र तसेच राहते. ते आपणच नियम लिहून बदलायचे. आधी नियम, मग प्रमाणीकरण, मग अनुक्रमणिका. उलट क्रमाने केले आणि एक दिवस वाया गेला.

आकडे: शोधप्रतीत देवनागरी आणि गुजराती दोन्ही आकडे इंग्रजी आकड्यांत बदलले, आणि शोधखिडकीत टाइप केलेलेही. नाहीतर १८९० टाइप करणाऱ्याला अर्धीच पाने दिसतात.

मोडीची लिप्यंतरे हातानेच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. लिप्यंतर करणारा जिथे शब्द तोडतो तो त्याचा अर्थ, कागदाचा नव्हे. संशय असेल तिथे तोडलेल्या जागी चौकोनी कंस.

१२ जुलै

पेटंटांचे साठे. आपल्या कागदांकडे वळण्यापूर्वी उत्तर आधीच माहीत असलेल्या पेटंटांवर चाचणी घेतली. साठा कुठे खोटे बोलतो ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

पहिली चाचणी जगदीशचंद्र बोस. अमेरिकन पेटंट ७,५५,८४०, मंजुरी २९ मार्च १९०४, अर्ज ३० सप्टेंबर १९०१, विषय विद्युत्-लहरींचा शोधक. आजच्या रूढ स्पेलिंगने नाव घातले तर भरवसा नाही, कारण कागदावर 'जगदीस चंदर' असे वाचता येईल असे स्पेलिंग आहे. नंबराने लगेच येते. १९७६ पूर्वीची अमेरिकन पेटंटे अमेरिकी कार्यालयाच्या स्वतःच्या जुन्या साठ्यात (२०२२ पर्यंत) नंबर, तारीख आणि वर्ग एवढ्यांनीच शोधता येत. मजकुराचा शोध हवा तर गूगल पेटंट्स, पण तिथला मजकूर अक्षरओळखीचा. पान दोन स्तंभांचे आणि मध्ये दर पाच ओळींना ओळक्रमांक, ते आकडे वाक्यात घुसतात. शिवाय शिरोभागात पेटंट नंबराबरोबर अर्जाचा अनुक्रमांकही असतो. घाईत तोच उतरवला जातो.

तारखेची एक स्वस्त तपासणी: त्या काळची अमेरिकन पेटंटे मंगळवारी मंजूर होत. २९ मार्च १९०४ मंगळवार आहे. वार काढून पाहिला आणि मंगळवार निघाला नाही, तर ती तारीख अर्जाची तरी आहे किंवा चुकीची वाचलेली तरी.

दुसरी चाचणी मार्कोनीचे 'चार साते', ब्रिटिश पेटंट ७७७७. ब्रिटनमध्ये १९१५ अखेर दरवर्षी क्रमांक १ पासून सुरू होत. त्यामुळे ७७७७ हा नंबर अनेक वर्षांत आहे, मार्कोनीचा तो १९०० सालचा. एस्पासनेटमध्ये (युरोपीय पेटंट कार्यालयाच्या ऑनलाइन साठ्यात) तो लिहायचा तो 'जीबी', मग वर्षाचे चार आकडे, मग पाच आकडी नंबर, कमी पडले तर पुढे शून्ये: १९०००७७७७. त्याचेच १८९६ चे पेटंट १२०३९, म्हणजे १८९६१२०३९. शून्य विसरले की 'सापडले नाही' असे उत्तर येते आणि माणूस पेटंटच नाही असे समजून बसतो. १९१६ पासून क्रमांक १,००,००१ पासून सलग, तिथे वर्ष लिहायचे नाही. ब्रिटिश पेटंटाची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. संपूर्ण विवरण कधी दिले आणि कधी स्वीकारले हे पानावर वेगळे छापलेले असते, त्यामुळे साठ्यात प्रसिद्धीची तारीख पुढच्या वर्षाची दिसू शकते.

१८५२ पूर्वीचे ब्रिटिश नंबर त्या काळचे नाहीतच. ब्रिटिश पेटंट कार्यालयातल्या बेनेट वुडक्रॉफ्टने १६१७ पासूनच्या जुन्या पेटंटांना नंतर ओळीने १४,३५९ पर्यंत क्रमांक दिले. जॉन केच्या उडत्या धोट्याचा ५४२ (१७३३) हा असाच मागाहून चिकटलेला नंबर. हातमागाच्या कामात तो सारखा लागेल, म्हणून शोधून पाहिला, आणि एक धडा मिळाला: पेटंटाच्या शीर्षकात धोट्याचे नावच नाही. शीर्षक आहे लोकर पिंजण्याच्या आणि साफ करण्याच्या यंत्राचे. शीर्षकावर विसंबून माग शोधणाऱ्याला मागाच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध पेटंट सापडणार नाही.

म्हणून शब्दांपेक्षा पेटंट-वर्गवारीतला वर्ग बरा. विणकाम डी०३डी, त्यात हातमाग २९ वा गट. सूतकताई डी०१एच. रंगाई डी०६पी. छपाईचे खिळे पाडण्याची आणि जुळवण्याची यंत्रे बी४१बी. ही वर्गवारी अलीकडची आहे (हल्लीची संयुक्त पद्धत २०१३ पासून) आणि जुन्या पेटंटांना मागाहून लावलेली, तरी शंभर वर्षांपूर्वीच्या शीर्षकांपेक्षा विश्वासू.

नकाशा ७: सं. १९६२ म्हणजे १९०५, असे तारखा बदलणाऱ्या एका संकेतस्थळाने सांगितले. विलायती पेटंट धरून १९०५ चे ४१८ ने संपणारे नंबर काढले. वर्षाला ३० हजारांच्या आसपास नंबर, म्हणजे साधारण ३० उमेदवार. यादी केली.

२० जुलै

हिंदुस्थानातली पेटंटे, १९११ पूर्वीची. यांचे नावच पेटंट नव्हे, 'एक्सक्लुझिव्ह प्रिव्हिलेज', म्हणजे अनन्य अधिकार. १८५६ चा कायदा सहावा. राणीची संमती न घेता केला म्हणून १८५७ मध्ये रद्द. मग १८५९ चा पंधरावा, पुढे १८८८ चा पाचवा, आणि १९११ चा दुसरा. पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंगचा, ३ मार्च १८५६, पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. पंखेवाल्याची नोकरी घालवणारे यंत्र हे या देशातल्या पेटंटांच्या यादीत पहिले, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी.

शोधात 'पेटंट' शब्द घालून या फाइली निघत नाहीत. 'प्रिव्हिलेज' आणि 'इन्व्हेन्शन' असे दोन वेगळे शोध. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर खात्याने गाळायचे. आधी गृह खात्यात पाहायचे, पण १९०५ मध्ये वाणिज्य-उद्योग असे स्वतंत्र खाते झाले, तेव्हा तेही पाहायचे. फाइलीच्या नावात 'ए' प्रोसीडिंग्ज म्हणजे छापलेली, 'बी' म्हणजे किरकोळ समजून न छापलेली. शोधकांचे अर्ज पुष्कळदा 'बी'मध्ये असतात.

अर्जांची यादी 'गॅझेट ऑफ इंडिया'त: नाव, धंदा, पत्ता, शोधाचे शीर्षक. विवरण तिथे नाही. गॅझेटात दिसले म्हणजे पेटंट मिळाले, असा अर्थ लावायचा नाही. १८५९ च्या कायद्यात आधी विवरण दाखल करण्याची परवानगी मागावी लागे, मग दाखल, मग १४ वर्षांचा अधिकार. तीन पायऱ्या, त्यामुळे तीन तारखा.

बडोद्यासाठी महत्त्वाचे: हे सगळे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते, आणि बडोदे त्याबाहेर. बडोद्यात राहणाऱ्याने कलकत्त्याला अर्ज केला असेल तर गॅझेटात पत्ता बडोद्याचा, पण अधिकार मुंबई-अहमदाबादेत. बडोद्याच्या रावपुऱ्यात त्या कायद्याचा उपयोग नाही. म्हणून रेसिडेन्सीचा (संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीचा) पत्रव्यवहारही पाहायचा.

२ ऑगस्ट

नावांच्या स्पेलिंगची तालिका. एकट्या 'गायकवाड'साठी सहा रूपे झाली. इंग्रज कारकुनाला शेवटचा 'ड' 'र' असा ऐकू येई, म्हणून गायकवार, गिकवार, गायकोवार, आणि सर्वांत जुने ग्विकोवार. बडोद्याचे जुन्या प्रवासवर्णनांत 'ब्रोदेरा'. डभोईचे 'डुभोय' आणि 'धुबॉय'. डभोई-मियागाम लोहमार्गाचे (१८६२, सुरुवातीला बैलांनी ओढलेल्या गाड्या) कागद शोधताना 'मियागाम' एका जागी आणि 'मीआगाम' दुसऱ्या जागी, आणि दोन्ही शोध एकमेकांची फळे दाखवत नाहीत.

शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५), खिळे पाडण्याच्या यंत्रांचा मुंबईकर संशोधक: स्पेलिंग कुठे शेवटी 'ई', कुठे 'ई' पुढे 'वाय'. अमेरिका-इंग्लंडातल्या कागदांत वाय असलेले जास्त. दोन्ही घालायची, शिवाय आडनावाआधीची आद्याक्षरे वेगळी. बी४१बी वर्ग आणि आडनाव मिळून घातले की कचरा कमी येतो.

इंटरनेट आर्काइव्हवर आलेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या पुस्तकांची तऱ्हा निराळी. मराठी शीर्षके रोमनमध्ये, पण ठरावीक पद्धतीने: दीर्घ 'आ'ला दोनदा 'ए', दीर्घ 'ई'ला दोनदा 'आय', टवर्गातल्या अक्षरापुढे अवतरणासारखी खूण. 'मराठी' नेहमीच्या स्पेलिंगने शोधले तर यांतले थोडेच येते. लेखकाच्या जागी 'उपलब्ध नाही' आणि प्रकाशनवर्ष चुकीचे हेही नेहमीचे. तेव्हा साल पुस्तकाच्या शीर्षकपानावरूनच. पानांचा क्रमांक लिहिताना छापील पान आणि स्कॅनमधले पान दोन्ही लिहायचे, कारण मुखपृष्ठ आणि कोरी पाने धरून दोन्हींत दहा-पंधराचा फरक पडतो.

सरकारी मराठी शब्दांसाठी 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' उपयोगी. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी. पण तो १९३१ चा. १९०६ च्या कारकुनाने तोच शब्द वापरला असेल असे धरून शोध घेऊ नये. शोधाला सुरुवात म्हणून ठीक.

११ ऑगस्ट

तारखा. येथे मोठी चूक सापडली, आपलीच.

विक्रम संवत उत्तरेत चैत्रात बदलतो, गुजरातेत कार्तिकात. संकेतस्थळ चैत्री धरून चालले होते. गुजराती हिशोबाने: कार्तिक शु. १ पासून डिसेंबरअखेर संवतातून ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनअखेर ५६ वजा. सं. १९६२ चा आषाढ म्हणजे १९०६ चा जून-जुलै. आषाढ शु. ५ जूनच्या शेवटच्या आठवड्यात येते. १९०५ ची सगळी यादी बाद. बडोद्यात बसून हा घोटाळा करणे विशेष लाजिरवाणे.

पडताळा त्याच रुमालातून मिळाला. नकाशाखालच्या दोन मराठी पत्रांवर 'शके १८२८'. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, नंतर फाल्गुनअखेर ७९. १८२८ अधिक ७८ म्हणजे १९०६. गुजराती लिहिणारा संवत घालतो, मराठी लिहिणारा शक, आणि एकाच दप्तरात दोन्ही. थरांचे फोटो घेऊन ठेवले नसते तर ही पत्रे त्या नकाशाची आहेत हे सांगता आले नसते.

त्यात तिसरी भर: बडोदे राज्याचे प्रशासकीय अहवाल १ ऑगस्ट ते ३१ जुलै या वर्षाचे. जून १९०६ ची घडामोड १९०५-०६ च्या अहवालात पाहायची, १९०६-०७ च्या नव्हे.

मोडी पत्रांतल्या जुन्यांवर अरबी शुहूर सन, अक्षरांत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार: ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण वर्ष मृगापासून सुरू होते: १७७२-७३. पुढे 'छ' आणि आकडा आला की ती हिजरी महिन्याची चांद्र तारीख. ही पत्रे प्रकल्पाच्या काळाबाहेरची आहेत, फेरिस्तीत (कागदांच्या यादीत) एका ओळीत घेऊन सोडली.

३१ ऑगस्ट

पाच दिवस काम बंद. विश्वामित्री नदीने धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडली, वीज गेली. कागद पहिल्या मजल्यावर, सुरक्षित. फाइलींची एक प्रत दुसऱ्या शहरात होती, ती आज जुळवून पाहिली: एसएचए-२५६ च्या बेरजांत (फाइलीच्या आतल्या मजकुरावरून संगणक काढतो ती पडताळणीची खूण) तीन फाइली जुळल्या नाहीत. पुराने नव्हे, वीज जाताना नक्कल अर्धवट राहिल्याने. फाइलींची नावे आणि आकार ठीक दिसत होते, फक्त आत शेवटचा भाग रिकामा. बेरीज न घेता प्रत ठेवणे म्हणजे प्रत न ठेवण्यासारखेच.

खोलीतली आर्द्रता ८० टक्क्यांवर. रुमाल उघडायचे नाहीत. पंखा लावून सुकवण्याचा प्रयत्नही नाही, कडा गुंडाळतात.

१४ सप्टेंबर

नकाशा ७ संवर्धकांकडून परत आला. टीपकागदांच्या थरांत हळूहळू ओलावा देऊन घडी सैल केली, मग वजनाखाली सपाट. थेट पाणी लावलेले नाही. समासावर एका बाजूने अगदी तिरपा प्रकाश टाकून आणि लाल चॅनल घेऊन पाहिले.

घडीत होते: 'जा. नं. ३'.

म्हणजे पूर्ण ओळ 'पेटंट जा. नं. ३४१८'. जा. म्हणजे जावक. हा पेटंटाचा नंबरच नव्हे, पेटंटाबद्दल कुठल्यातरी कचेरीतून गेलेल्या पत्राचा जावक नंबर. शके १८२८ च्या दोन पत्रांचे वरचे कोपरे पुन्हा पाहिले: ज्येष्ठ व. ११ ला जा. नं. ३४०२, आषाढ शु. १२ ला ३४३१. मध्ये आषाढ शु. ५ आणि ३४१८ चपखल बसतात. ही पत्रे जूनमध्येच स्कॅन झाली होती, कोपऱ्यातला बारीक मजकूर अक्षरओळखीने वगळला होता आणि कुणी वाचला नव्हता.

घडीत फक्त आकडेच असतील, हे आम्ही पहिल्या दिवशी धरून चाललो आणि पुढचे सगळे शोध त्यावर उभारले. १९०६ ची नवी यादी करायची ठरली होती, तीही आता नको. दबलेल्या मजकुरावर अंदाज करायचा तर तो शोधाच्या पाटीवर नव्हे, नोंदीत 'अंदाज' म्हणून लिहायचा.

२२ सप्टेंबर

फेरिस्तीचे रकाने आज पक्के केले. मूळ अक्षर (जसे कागदावर, चुकांसकट). प्रमाण रूप. मूळ तारीख आणि पंचांग. इसवी तारीख. नंबर. नंबराचा प्रकार: पेटंट, अर्ज, अनन्य अधिकार, आवक, जावक, फाइल, नकाशा. पेटंट असेल तर देश आणि वर्ष सक्तीचे, वर्षाविना ब्रिटिश नंबर स्वीकारायचा नाही. छापील पान, स्कॅनचे पान. खात्री: नक्की, बहुधा, अनिर्णीत.

'नंबराचा प्रकार' हा रकाना नव्हता. आधीच्या १४० नोंदींत तो भरायचा आहे. त्यांतल्या ज्यांत नुसते 'नं.' आहे त्या सगळ्या परत कागदासमोर ठेवून.

नकाशा ७ ची नोंद: हातमाग, धोट्याची पेटी. जावक ३४१८. आषाढ शु. ५ सं. १९६२ (कार्तिकी), जून १९०६. पत्र कुणाचे, कुणाला: अनिर्णीत. पेटंटाचा अर्ज झाला का: अनिर्णीत. पुढचा शोध १९०६-०७ च्या गॅझेटातल्या अर्जांच्या यादीत, पत्ता बडोदे, स्पेलिंगच्या सगळ्या रूपांनी.